माळटिटवी की धाविक? सोलापूरच्या माळावर दोघांना वेगळं ओळखायची रीत

नान्नजच्या माळावर सकाळी उभं राहिलं की खुरट्या गवतातून मातकट रंगाचं काहीतरी तुरुतुरु पळतं, थबकतं, वाकतं आणि पुन्हा पळतं. बरोबरचा कुणीतरी लगेच म्हणतो, "टिटवी!" पुष्कळदा ती टिटवीच असते, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी लोंबणारी माळटिटवी, जिला पुस्तकांत पीतमुखी टिटवी म्हणतात. पण कधी कधी तो धाविक असतो. धाविक टिटवीच्या कुळातला नाही. एकाच माळावर, एकाच गवतात, जवळजवळ तेच किडे खाऊन राहणारे हे दोन पक्षी अगदी वेगळ्या घरचे आहेत.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि टॉवेलच्या कारखान्यात जकार्डवर नक्षी चढवायचं काम करतो. लांबून टॉवेलचा रंग आधी दिसतो, पण माल ओळखायचा तो विणीवरून. पक्ष्यांच्या बाबतीतही मला हेच पटलेलं आहे. नवशिक्यांना पहिल्याच दिवशी रंगांचा पाढा शिकवतात आणि माळावर गेल्यावर तो पाढा कामाला येत नाही. तिथे ऊन समोरून असतं, धूळ असते, पक्षी पाठमोरा असतो. म्हणून माझी रीत उलटी आहे. आधी चाल, मग आवाज, मग डोकं आणि बाकीचे रंग सगळ्यांत शेवटी.

कुठे उभं राहायचं आणि कधी

सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. माळढोकसाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य ते हेच. आत जायचं असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी लागते. पण माळटिटवी आणि धाविक बघायला आतच जायला हवं असं मुळीच नाही. मार्डी, कारंबा, अकोलेकाटी, वडाळा या गावांच्या शिवारात जिथे मुरमाड, चरून बोडकं झालेलं रान आहे, तिथे दोघंही भेटतात. नांगरून ठेवलेलं कोरडं शेत, खळ्याची जुनी जागा, मेंढरं बसून गेलेला तुकडा, अशी ठिकाणं हेरायची. गुडघाभर कुसळीत उभं राहून वाट बघू नका, तिथे तुम्हाला चंडोल दिसतील. या दोघांना लांबवर दिसेल अशी मोकळी जमीन लागते.

अशा जमिनीची कागदोपत्री नोंद बहुतेक वेळा 'पडीक' म्हणून असते. त्यामुळे तिथे मुरूम उपसायला, प्लॉट पाडायला किंवा झाडं लावायला कुणाला फारसं वाईट वाटत नाही. झाडं लावणं चांगलंच, पण माळावर ओळीने खड्डे घेऊन झाडं लावली की धाविकाचं राहतं घर जातं. माळाला झाडांची उणीव नसते, तो तसाच असतो. हे मी भेटेल त्याला सांगतो, म्हणून इथेही सांगितलं.

वेळ म्हणाल तर उजाडल्यापासून नऊपर्यंत, फार तर साडेनऊ. त्यानंतर जमिनीवरून झळा उठायला लागतात आणि दुर्बिणीत पक्ष्याचे पाय पाण्यात हलल्यासारखे दिसतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर आठलाच आवरतं घ्यावं लागतं. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा दीड-दोन तास बरे मिळतात. धाविक तिन्हीसांजेलाही खाण्यात गुंतलेला असतो.

ऊन पाठीशी घ्या. ८×४२ची साधी दुर्बीण पुरते. चारचाकी असेल तर खाली उतरूच नका, काच खाली करून बसा. गाडीला पक्षी फारसा भीत नाही, माणूस उतरला की मात्र लगेच अंतर राखतो. मोटारसायकल असेल तर ती स्टँडला लावून तिच्या आडोशाला खाली बसा. उभ्या माणसापेक्षा बसलेला माणूस त्यांना चालतो. भडक पांढरा सदरा घालून जाऊ नका, आणि एका माणसामागे लिटरभर तरी पाणी ठेवा.

आधी चाल

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. एक पक्षी निवडा आणि निदान पाच मिनिटं त्याच्यावरून दुर्बीण हलवू नका. दुसरा पक्षी उडाला, कुणी हाक मारली, तरी नाही.

माळटिटवी बहुतेक वेळ चालते. चार-सहा पावलं टाकते, कधी थोडी भरभर, मग थांबते. थांबली की मान किंचित उंच करते, इकडेतिकडे बघते आणि पुढे झुकून एकच टोच मारते. मग पुन्हा चार पावलं. तिचं अंग चालताना जमिनीला बरंचसं समांतर असतं. तिच्या हालचालीत घाई नसते. एकाच तुकड्यात ती बराच वेळ रेंगाळते, आणि जोडीदार बहुधा जवळपासच कुठेतरी असतो.

धाविक पळतो. मान आत ओढून घेतो आणि एका दमात इतका सुसाट जातो की मधले पाय डोळ्यांना लागतच नाहीत, नुसतं मातकट अंग जमिनीलगत सरकल्यासारखं वाटतं. मग एकाएकी थांबतो आणि ताठ होतो. तेव्हा तो आधीपेक्षा चांगला उंच वाटायला लागतो, कारण आत ओढलेली मान बाहेर येते आणि अंग उभं होतं. क्षणभर तसाच निश्चल. मग कंबरेतून मोडावं तसा एकदम पुढे वाकतो, शेपूट वर जातं, चोच जमिनीला लागते आणि लगेच पुन्हा ताठ. एवढं झालं की दुसरी धाव, बहुतेक वेळा वेगळ्याच दिशेला. पळणं, ताठ होणं, खोल वाकणं आणि पुन्हा ताठ होणं, हे चार टप्पे एकामागोमाग दिसले की नाव घ्यायला हरकत नाही. अजून एकही रंग बघितला नसला तरी.

एका मार्चमध्ये कारंब्याच्या बाजूला नांगरट केलेल्या शेतात एक धाविक मला अगदी जवळून न्याहाळता आला. ढेकळांच्या मधल्या सरीतून तो धावायचा आणि ढेकळावर न चढता त्याच्या कडेशी थांबायचा. ढेकळाखालून वाळवीची ओली माती वर आलेली होती. तिथे त्याने दोन-तीन वेळा वाकून वाळवी टिपली, आणि प्रत्येक घासानंतर मान पूर्ण सरळ करून आजूबाजूला बघितलं. खाली वाकलेला असताना त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. उघड्या रानात ससाणा किंवा भोवत्यासारखा शिकारी पक्षी कधी येईल सांगता येत नाही. म्हणून तो वाकलेल्या अवस्थेत अजिबात रेंगाळत नाही. त्याच्या त्या झटक्याचं कारण मला त्या दिवशी समजलं.

दोघांचं खाणं फार वेगळं नाही. वाळवी, भुंगेरे, नाकतोडे, मुंग्या, मातीतल्या अळ्या. त्यामुळे 'काय खातोय' यावरून ओळख पटणार नाही, 'कसा खातोय' यावरून पटेल.

चालीचा आणखी एक भाग म्हणजे तुम्ही दिसल्यावर ते काय करतात. मुद्दाम कुणाच्या मागे लागू नका, पण वाटेने जाताना आपोआप सामना होतो. माळटिटवी आधी ओरडते, मग उडते आणि तुमच्यावरून एखादी फेरी मारून थोड्या अंतरावर उतरते. धाविक गप राहतो. तो पुढे पळत अंतर वाढवतो, थांबून मागे बघतो, पुन्हा पळतो. फारच जवळ गेलात तर उडतो, पण जमिनीलगत, आणि उतरल्या उतरल्या परत चार हात पळून घेतो.

आवाज

माळटिटवीचा आवाज दोन तुकड्यांत तुटणारा, बारीक आणि तीक्ष्ण: 'ची-ईट, ची-ईट'. पाण्याकाठी राहणाऱ्या ताम्रमुखी टिटवीचा 'टिटीव-टिटीव' असा खणखणीत गलका तिच्यात नाही. धाविक बहुतांश वेळ मुकाच असतो. उडताना कधीतरी घशातल्या घशात हलकासा आवाज काढतो, तोही तुम्ही जवळ असाल तरच ऐकू येतो.

मेंढरं घेऊन नान्नजच्या शिवारात फिरणाऱ्या एका धनगर मामांना मी एकदा विचारलं, "मामा, ही दोन पाखरं तुम्ही कशी ओळखता?" त्यांनी काठीला रेलूनच सांगितलं, "वरडली तर टिटवी बघा, पाव्हणं. गुमान पळालं तर ते दुसरं." माळावर जन्म काढलेल्या माणसाची ही खूण. दहापैकी नऊ वेळा ती बरोबर ठरेल. दहाव्या वेळेसाठी पुढचं वाचा.

मग डोकं

चाल आणि आवाज यावरून अंदाज बांधला की दुर्बीण सरळ डोक्यावर न्या.

माळटिटवीच्या डोक्यावर काळी टोपी असते आणि टोपीच्या खालच्या कडेने, डोळ्याच्या मागून, पांढरी पट्टी जाते. डोळ्यासमोर पिवळी कातडी असते आणि ती चोचीच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबते. ऊन तिरपं असेल तर ही पिवळी कातडी लांबूनही चमकते. चोच आखूड आणि सरळ, मुळाशी पिवळसर, टोकाला काळी.

धाविकाच्या डोक्यावर काळं काहीच नाही. माथा गडद तांबूस. त्याखाली पांढरी भुवई. तिच्याखाली चोचीपासून डोळ्यातून मागे जाणारी काळी रेघ. दोन्ही बाजूंच्या या रेघा मानेच्या मागे एकत्र येतात आणि तिथे एक टोक तयार होतं. चोच काळी, बारीक आणि टोकाशी जराशी खाली वळलेली. पिवळी कातडी कुठेच नाही.

मानेमागचं ते टोक नीट लक्षात ठेवा, कारण माळावर पक्षी तुमच्यापासून लांब पळत असतो आणि तुम्हाला त्याची पाठच दिसते. पाठीचा रंग दोघांचाही मातीचा. पण मानेमागे काळ्या-पांढऱ्या रेघा मिळून टोक झालेलं दिसलं तर धाविक, आणि काळ्या टोपीभोवती नुसती पांढरी कड दिसली तर माळटिटवी. बहुतेक पुस्तकांत चित्र बाजूने काढलेलं असतं, त्यामुळे ही पाठमोरी खूण शिकायची राहून जाते.

छाती, पोट, पाय, पंख

हे भरभर सांगतो. माळटिटवीची छाती धुळकट तपकिरी, तिच्याखाली एक बारीक काळी आडवी रेघ, आणि त्या रेघेखाली पोट एकदम पांढरं. धाविकाची छाती तांबूस, विटकरीकडे झुकणारी, आणि पोटावर काळा डाग. त्या डागाच्या मागे पांढरं. म्हणजे पोट समोरून काळं दिसलं तर धाविक, पांढरं दिसलं तर टिटवी.

पाय दोघांचेही लांब. टिटवीचे पिवळे, धाविकाचे फिक्कट, पांढुरके. पावसाळ्यात पायांना चिखल लागलेला असतो, तेव्हा या खुणेवर विसंबू नका. आकाराने धाविक थोडा लहान आहे, पण शेजारी दुसरा पक्षी नसताना आकाराचा अंदाज माणसाला जमत नाही, म्हणून मी तो धरतच नाही.

उडताना टिटवीच्या पंखात पांढरा पट्टा ठळक दिसतो आणि पांढऱ्या शेपटीच्या टोकाजवळ काळा पट्टा असतो. धाविकाच्या पंखांची टोकं काळी, पंखांची खालची बाजू गडद, आणि शेपटीच्या मुळाशी वर पांढरं. पंख फडकावण्याची त्याची लय टिटवीपेक्षा घाईची आहे.

गोंधळ उडवणारे बाकीचे

दोघांचीही पिल्लं आणि नुकती मोठी झालेली तरणी पाखरं सगळ्यात जास्त चकवतात. तरण्या माळटिटवीच्या डोक्यावर काळी टोपी नीट धरलेली नसते, ती तपकिरी ठिपक्यांची असते आणि पिवळी कातडी लहान असते. तरण्या धाविकाच्या अंगावर फिकट-गडद चट्टेपट्टे असतात आणि डोक्यावरच्या रेघा पुसट. अशा वेळी पुन्हा चालीकडे या. तरणा धाविकसुद्धा धाविकासारखाच पळतो आणि तसाच वाकतो. शिवाय जवळपास मोठी पाखरं असतात, ती शोधा.

ताम्रमुखी टिटवीशी घोटाळा व्हायचं कारण नाही. तिची लोंबणारी कातडी लाल, चोच लाल, गळा आणि छाती काळी. हिप्परग्याच्या तलावाच्या काठी जी रात्री-अपरात्री ओरडते ती हीच. एकदा तिथे जाऊन तिला डोळे भरून बघून या, म्हणजे माळावरच्या टिटवीचं वेगळेपण लगेच डोळ्यांत भरेल.

तिसरा म्हणजे करवानक. त्याचंही कूळ निराळं. तो चांगला मोठा, अंगावर रेघारेघा आणि डोळे मोठे पिवळे. दिवसा एखाद्या बाभळीच्या सावलीत गप बसून असतो आणि अंधार पडला की त्याची वाढत जाणारी शीळ घुमते. त्याला पळताना बघून धाविक म्हणायचा मोह होतो, पण एवढे मोठे डोळे धाविकाला नाहीत.

उन्हाळ्यात जाणार असाल तर

मार्चपासून पुढे दोघांचाही विणीचा हंगाम असतो. धाविकाचा तर पावसाळ्यातही चालू राहतो. या काळात माळावर पाऊल टाकण्याआधी हे वाचाच.

दोघंही घरटं म्हणावं असं काही बांधत नाहीत. जमिनीत उथळसा खळगा केला की झालं. माळटिटवी बहुधा चार अंडी घालते आणि खळग्याच्या कडेला बारीक खडे, लेंड्या असं काहीबाही जमलेलं असतं. धाविक दोन किंवा तीन अंडी घालतो आणि ती गोलाकडे झुकणारी असतात. रंग दोघांच्याही अंड्यांचा मुरमाशी इतका मिळतो की शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. याचा अर्थ सरळ आहे. तुम्हाला अंडी दिसण्याआधी तुमचा पाय पडलेला असतो.

म्हणून मार्च ते ऑगस्ट माझा नियम एकच असतो. गाडीवाट किंवा मेंढरांची वाट सोडायची नाही. पक्षी वाटेवरून दिसला तर दिसला.

माळटिटवी तुमच्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा झेप घेऊन ओरडत असेल किंवा जमिनीवर पंख लोंबते सोडून लंगडल्यासारखी चालत असेल, तर ती जखमी नसते. ती तुमचं लक्ष अंड्यांवरून किंवा पिल्लांवरून हटवत असते. अशा वेळी "बिचारीला लागलंय" म्हणून तिच्या मागे जाऊ नका आणि फोटोसाठी तिथेच उभेही राहू नका. आल्या वाटेने मागे फिरा. पिल्लं जमिनीला चिकटून, अजिबात न हलता पडून असतात. आई-बाप परत येईपर्यंत ती उन्हात उघडी पडतात, आणि एप्रिलच्या सोलापूरच्या उन्हात उघडं पडणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

उन्हापासून अंडी राखायची माळटिटवीची एक युक्ती मला फार थोर वाटते. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशाच ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसते. उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा ती थंड ठेवणं हेच मोठं काम असतं. म्हणून माळाजवळचं एखादं छोटं डबकं, शेततळ्याची उथळ कड, गुरांच्या हौदातून सांडलेलं पाणी यांना मोल आहे. शेतकरी मित्रांना माझी विनंती आहे की हौदाशेजारी थोडं पाणी सांडून राहू द्या.

अंडी हातात घेणं, हलवणं, घरट्याभोवती खडे रचून खूण करणं, यातलं काहीही करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि तो अंड्यांनाही लागू आहे. ज्या दिवशी घरटं दिसेल त्या दिवशी त्याचं ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. एकाने टाकलं की दुसऱ्या दिवशी तिथे चार कॅमेरे पोचतात.

कूळ वेगळं, म्हणजे नेमकं काय

हा भाग माझ्या आवडीचा आहे आणि लोक तोच गाळतात.

माळटिटवी चिखल्यांच्या कुळातली. पाण्याकाठी हिवाळ्यात जे छोटे चिखले धावतात-थांबतात-टोचतात, ते तिचे जवळचे नातेवाईक. तिच्या चालण्यातली ती 'चार पावलं, थांब, एक टोच' लय चिखल्यांतही तशीच सापडते, ती तिने घरातूनच घेतली आहे.

धाविक आर्लीच्या कुळातला. आर्ली हा आखूड पायांचा, लांब टोकदार पंखांचा पक्षी, जो उडता उडता हवेतले किडे पकडतो. दिसायला तो धाविकापासून कोसभर लांब, तरी कूळ एक. दोन्ही कुळं एकाच मोठ्या गणात येतात, पण त्या गणातल्या फांद्या वेगळ्या. जनुकांच्या अभ्यासावरून आज असं मानलं जातं की धाविक-आर्लीचं घराणं टिटवीपेक्षा कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) पक्ष्यांच्या जास्त जवळ आहे. म्हणजे मार्डीच्या कोरड्या माळावर पळणाऱ्या धाविकाचं नातं शेजारच्या टिटवीपेक्षा समुद्रावरच्या कुरवाशी अधिक आहे.

मग हे दोघं इतके सारखे का दिसतात? कारण माळाने दोघांकडून तेच मागून घेतलं. लपायला झुडूप नाही, म्हणून पाठ मातीच्या रंगाची हवी. गवताच्या वरून लांब बघायचंय, म्हणून पाय लांब हवेत. खाणं जमिनीवर विखुरलेलं, म्हणून पायांनी फिरणं आलं. पिढ्यान् पिढ्या ही गरज पुरवता पुरवता दोन घरचे पक्षी एका ठेवणीचे झाले. पण दोघांनी ती गरज आपापल्या परीने भागवली. धाविकाने पळण्यावर भर दिला. त्याच्या पायाला मागचं बोट नाही, तीनच बोटं, तिन्ही पुढे. टिटवीने हाकाटीवर आणि धिटाईवर भर दिला. धोका दिसला की ती आरडाओरडा करून अंगावर येते, तो मुकाट्याने अंतर वाढवतो. चालीवरून ओळखा असं मी सुरुवातीपासून सांगतोय ते याचसाठी. रंग माळाने सारखे करून टाकलेत, चाल अजून घरची राहिली आहे.

धाविकाचा एक नातलग आपल्यापासून फार लांब नाही. आंध्रातल्या कडपा जिल्ह्यातल्या झुडपी रानात जेर्डनचा धाविक आहे. तो १८४८ साली शास्त्राला माहीत झाला आणि नंतर अनेक दशकं कुणाला दिसलाच नाही, नामशेष झाला असं धरलं गेलं. १९८६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भारत भूषण यांनी तिथल्या लोकांच्या मदतीने तो पुन्हा शोधून काढला. तो रात्रीचा फिरणारा असल्याने इतकी वर्षं चकवू शकला. आपला धाविक दिवसाढवळ्या, रस्त्याच्या कडेला दिसतो. आपण त्याला 'टिटवी' म्हणून सोडून देतो ही गोष्ट मला बोचते, कारण ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नसली की त्याचा माळ गेल्याचंही कुणाला कळत नाही.

नोंद कशी लिहायची

फोटो काढून ॲपला विचारणं सोपं आहे आणि ॲप बहुतेक वेळा नावही बरोबर सांगतं. पण लांबच्या, झळांत हललेल्या फोटोवर तेही चुकतं. म्हणून जागेवरच वहीत लिहा. तारीख, वेळ, शिवार, ऊन कुठून होतं, जमीन कशी होती. मग चालीबद्दल एक ओळ, आवाजाबद्दल एक, डोक्याबद्दल एक. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'वडाळा शिवार, सकाळी साडेसात, ऊन पाठीशी, ज्वारी काढलेलं रान. लांब धाव, ताठ उभा, खोल वाकणं. आवाज नाही. मानेमागे काळं टोक स्पष्ट. पोट बघता आलं नाही. धाविक.' पोट दिसलं नाही तर तसंच लिहायचं. दिसलं नाही ते 'असेल' म्हणून भरायचं नाही. आणि तिन्ही ओळी मिळून नाव ठरत नसेल तर नुसतं 'टिटवी किंवा धाविक' लिहा. ती नोंदही कामाची आहे, निदान तो माळ अजून जिवंत आहे एवढं तरी तीतून कळतं. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, टाकताना विणीच्या काळात नेमकी जागा न देता गावाच्या नावावर टाका.

दोघं ओळखता यायला लागले की पुढची पायरी म्हणजे त्यांची घराणी बघणं, आणि ती एकाच ठिकाणी बघायला मिळतात. करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूला उजनीचं पाणी हिवाळा संपता संपता उतरायला लागतं. काठावर छोटे कंठेरी चिखले धावताना दिसतील, ते टिटवीच्या घरचे. पाण्यावरून घिरट्या घालत किडे पकडणारे छोटे आर्ली दिसतील, ते धाविकाच्या घरचे. आधी अर्धा तास चिखल्यांची चाल बघा, मग आर्ली जमिनीवर उतरल्यावर तो चार पावलं कसा पळतो ते बघा. धाविकाची ती धाव तुम्हाला त्याच्यात थोडीशी सापडेल. मात्र उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर आर्ली अंडी घालतात, तेव्हा होडीत बसण्याआधीच नावाड्याला सांगून ठेवा, "दादा, बेटाला होडी लावू नका, आम्ही लांबूनच बघतो."